रात्रीचे टपाल आणि चिकलठाण्याची दुपार

आज एका बंद पडलेल्या कंपनीविषयी बोलावयाचे आहे. कंपनी म्हणजे काही दुकान नव्हे की पेढी नव्हे. ती होती आपल्या देशाची सरकारी विमान कंपनी, इंडियन एअरलाइन्स. भंडाऱ्यासारख्या धानाच्या आणि तलावांच्या जिल्ह्यात विमान कंपनीचे काय काम, असे आपल्याला वाटेल. म्हणून आधी एक करून पाहा. शाळेतल्या भिंतीवर भारताचा नकाशा असतोच. त्यावर नागपूरपासून कलकत्त्यापर्यंत एक फूटपट्टी सरळ ठेवा आणि पेन्सिलीने रेघ ओढा. नागपूर सोडल्याबरोबर ही रेघ आपल्या भंडारा गावाच्या जवळजवळ माथ्यावरून जाते, वैनगंगा ओलांडते, गोंदियाला किंचित डावीकडे ठेवते आणि छत्तीसगडात शिरते. माणसाने जमिनीवर रूळ टाकले तेव्हा डोंगर आणि नद्या पाहून त्याला वळावे लागले. हवेतल्या वाटेला तसले काही नसते. त्यामुळे नकाशावरची ही साधी रेघ एका काळी खरोखरच रोजची वहिवाट होती.

माझे आजोबा सांगत की, धान कापून खळ्यावर आले म्हणजे राखणीला रात्री तेथेच झोपावे लागे. पौषातली थंडी, तणसाची ऊब, आणि मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेकडून येणारी एक घरघर. आवाज डोक्यावरून नागपूरकडे जाई. मग पुन्हा सामसूम. पहाटे कोंबडा आरवण्याआधी तीच घरघर उलट दिशेने परत येई. खळ्यावरची माणसे त्याला "कलकत्त्याची मेल" म्हणत. घड्याळ कोणाजवळ नव्हते. पण मेल परतली म्हणजे आता उठायला हरकत नाही, हे ठरलेले. आजोबांनी आयुष्यात विमान जवळून कधी पाहिले नाही. त्यांना मात्र त्या विमानाचा नेम माहीत होता.

ती होती रात्रीची हवाई टपालसेवा. तिची रचना इतकी साधी आणि इतकी हुशारीची होती की, ती कोणत्याही चौथीच्या मुलाला समजावून सांगता येईल. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही देशाच्या चार टोकांची चार मोठी शहरे. नागपूर साधारण मध्यावर. चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर चारही एकत्र येत. मुंबईच्या विमानात दिल्ली, कलकत्ता व मद्रासची टपाल-पोती. दिल्लीच्या विमानात मुंबई, कलकत्ता व मद्रासची. तेथे पोत्यांची अदलाबदल होई, काही प्रवासीही एका विमानातून दुसऱ्यात चढत, आणि पहाटेच्या आधी चारही विमाने आपापल्या वाटेला लागत. आगगाडीने दीड-दोन दिवस घेणारे पत्र रात्रीतून पोहोचू लागले. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा वाटा लागल्या असत्या. नागपूरला गाठ मारल्यामुळे चार वाटांत काम भागले.

ही सेवा १९४९ च्या जानेवारीत सुरू झाली. तेव्हा दळणवळण खात्याचे मंत्री होते रफी अहमद किडवाई. लगेच त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सरकारने आणखी एक मोठी गोष्ट केली. विमानाने पत्र लवकर पोहोचत असेल तर ते साध्याच तिकिटावर विमानाने न्यावयाचे, वेगळा आकार घ्यावयाचा नाही. म्हणजे मुंबईचा कापडाचा व्यापारी आणि तुमसरचा एखादा शिक्षक, दोघांच्या पाकिटाला सारखाच मान. स्वतंत्र भारताने आपल्या गरीब माणसाला विमानाचा पहिला लाभ दिला तो असा, तिकिटाच्या रूपाने. आसनाच्या रूपाने नव्हे. मला स्वतःला ही गोष्ट पुढच्या सगळ्या जेट विमानांपेक्षा मोलाची वाटते.

आता ही विमाने कोणाची होती ते पाहू. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन फौजेने मागे ठेवलेली डकोटा जातीची विमाने स्वस्तात मिळू लागली. दोन इंजिनांचे हे विमान मजबूत, कच्च्या मैदानावरही उतरणारे. ज्याच्याजवळ थोडे भांडवल त्याने विमान कंपनी काढावी, असे दिवस आले. कंपन्या पुष्कळ झाल्या, प्रवासी थोडे. तोटा वाढत चालला. सरकारने १९५० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गो. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसविली. समितीचे मत असे पडले की, कंपन्यांची संख्या कमी करावी, पण राष्ट्रीयीकरणाची घाई नको. सरकारने शेवटी राष्ट्रीयीकरणच केले. १९५३ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत उड्डाणे करणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभे राहिले. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया वेगळी ठेवली. नव्या कॉर्पोरेशनच्या वाट्याला एकूण ९९ विमाने आली. त्यांतली ७४ डकोटा. आठ घरांचा संसार एका घरात आणला म्हणजे आठ प्रकारची भांडी आणि आठ प्रकारच्या सवयी येतात. वैमानिकांचे पगार निराळे, दुरुस्तीच्या पद्धती निराळ्या, हिशेबाच्या वह्या निराळ्या. रात्रीचे टपालही याच नव्या घराकडे आले.

आणि साडेचार महिने होतात न होतात तोच घाव बसला, तोही आपल्या दाराशी.

१२ डिसेंबर १९५३ ची पहाट. सोनेगावला टपालाची अदलाबदल झाली. मद्रासकडे जाणारे डकोटा धावपट्टीवरून उठले आणि काही क्षणांतच जवळच्याच शेतात कोसळून पेटले. विमानात चौदा माणसे होती. तेरा दगावली, वाचला तो विमानाचा मुख्य वैमानिक. मृतांत कानपूरचे लोकसभा सदस्य व मजूर चळवळीचे मोठे पुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. डिसेंबर महिना म्हणजे आपल्याकडे खळ्यांचाच महिना. त्या रात्री कलकत्त्याची मेल आली असेल, परतलीही असेल. पण चार बहिणींपैकी एक घरी पोहोचली नाही, हे खळ्यावरच्यांना दुसऱ्या दिवशी बाजारात कळले असणार.

टपालसेवा मात्र थांबली नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा पोती आली, पुन्हा अदलाबदल झाली. यात कठोरपणा आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. टपाल हे कामच असे आहे की, ते थांबले म्हणजे दुःखाची बातमीदेखील पोहोचत नाही. त्या तेरा घरांना जी पत्रे गेली, तीही याच पोत्यांतून गेली असतील.

मधली चाळीस वर्षे मी भराभर सांगतो. डकोटा म्हातारी झाली. १९५७ मध्ये व्हायकाउंट आले, १९६१ मध्ये फोकर, १९६४ मध्ये कॅराव्हेल हे पहिले जेट, मग १९७० नंतर बोइंग ७३७ आणि १९७६ मध्ये एअरबस. जेट विमानांमुळे दिवसाच दोन-दोन फेऱ्या होऊ लागल्या, तेलाचे भाव भडकले, आणि नागपूरची मध्यरात्रीची गाठ सत्तरीच्या दशकात सुटली. खळ्यावरचे घड्याळ बंद पडले. पण याच कंपनीने इंफाळ, सिल्चर, लेह, पोर्ट ब्लेअर अशा ठिकाणी विमाने नेली, जेथे नफ्याच्या हिशेबाने कोणी गेले नसते. १९८५ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून सिल्चरला एक फोकर विमान गेले. त्यात सगळ्या कामावर स्त्रियाच होत्या, आणि मुख्य वैमानिक होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. नाव मराठी आहे हे शिक्षक भगिनींनी वर्गात आवर्जून सांगावे. तसेच हेही खरे की, स्पर्धा नसल्यामुळे कंपनीला सुस्ती आली होती. विमान सहा तास उशिरा, विचारायला गेले तर काउंटरवर कोणी नाही, अशी गाऱ्हाणी वर्तमानपत्रांत नेहमीची. सरकारी कचेरीत जाऊन आलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगायला नको.

अपघातही झाले. १९७३ मध्ये दिल्लीला ४८ माणसे गेली, त्यांत केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम होते. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मद्रासला निघालेले कॅराव्हेल इंजिन फुटल्यामुळे मुंबईला परत फिरले आणि विमानतळाच्या आवारात पोहोचता पोहोचता पडले. ९५ पैकी एकही वाचला नाही. १९८८ मध्ये अहमदाबाद, १९९० मध्ये बंगलोर. प्रत्येकाची कथा वेगळी आहे. आज मला त्यांतली एकच विस्ताराने सांगावयाची आहे, कारण ती आकाशातली कमी आणि रस्त्यावरची जास्त आहे. रस्ता तर आपल्या सगळ्यांचाच.

१९९३ च्या सुरुवातीला इंडियन एअरलाइन्सची अवस्था बिकट होती. वैमानिकांचा मोठा संप होऊन गेला होता; संपाच्या काळात उझबेकिस्तानातून वैमानिकांसह भाड्याने आणलेले एक विमान ९ जानेवारीला दिल्लीत उतरताना उलटले होते, सुदैवाने सगळे वाचले. मग अपहरणांची मालिका लागली. २४ एप्रिलला दिल्लीहून श्रीनगरला निघालेले विमान पळविले गेले, ते अमृतसरला उतरले, आणि २५ च्या पहाटे कमांडोंनी सगळे प्रवासी सुखरूप सोडविले. सगळ्या देशाने सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास पुरते दोन दिवसही टिकला नाही.

२६ एप्रिल १९९३, सोमवार. आय.सी. ४९१ हे विमान सकाळी दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर करीत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आले होते. तेथून शेवटचा टप्पा मुंबई. जातीने बोइंग ७३७. चिकलठाणा विमानतळ तेव्हा लहान होता. धावपट्टी ६,००० फुटांची. विमानात ११२ प्रवासी व ६ कर्मचारी, म्हणजे ११८ माणसे. दुपारी एक वाजून गेला होता. मराठवाड्यातली एप्रिलची दुपार आपण जाणता. हवा तापली म्हणजे विरळ होते, आणि विरळ हवा विमानाच्या पंखांना कमी उचलते. इंजिनाचा जोरही कमी पडतो. त्यामुळे भरलेल्या विमानाला अशा दुपारी जास्त धावावे लागते. हे वैमानिकांना नवे नव्हते. त्यासाठी आधी कोष्टके पाहून वेग ठरवितात: अमुक वेगाला पोहोचले की विमानाचे नाक उचलायचे. फार आधी उचलले तर विमान उठत नाही, फार उशिरा उचलले तर धावपट्टी संपते.

बैलगाडी नाल्याच्या चढाला लागताना गाडीवान जसा आधीपासून बैलांना दमात घेतो, ऐन चढावर येऊन ओरडून उपयोग नसतो, तसेच काहीसे. फरक इतकाच की, बैल चुकले तर गाडी मागे येते. अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग घेतलेले विमान एका सेकंदात सत्तर मीटर जाते. नाक उचलण्यात दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तर दीड-दोनशे मीटर धावपट्टी वाया गेली. आपण "एक, दोन, तीन" मोजावे इतकाच तो वेळ.

त्या दिवशी नाक उशिरा उचलले गेले. विमान धावपट्टीच्या अगदी शेवटाला जमिनीपासून सुटले, तेही जेमतेम. आणि धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ४१० फुटांवर बीडचा रस्ता होता. रस्त्यावरून त्याच क्षणी एक ट्रक चालला होता. ट्रकमध्ये रुईच्या दाबलेल्या गाठी होत्या. मराठवाड्यात काय किंवा आपल्या वऱ्हाडात काय, त्या दिवसांत जिनिंगमधून निघालेल्या गाठींचे ट्रक रस्त्यावर नवलाचे नाहीत. एकेक गाठ पावणेदोनशे किलोच्या घरातली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली; कापूस म्हणावा तर मऊ, गाठ म्हणावी तर दगड.

विमानाच्या डाव्या बाजूची चाके आणि डावे इंजिन त्या ट्रकवर आदळले. किती उंचीवर, ठाऊक आहे? रस्त्यापासून सुमारे सात फूट. मोठा माणूस हात वर करून जेथे पोहोचतो तेवढे. विमान तेथे पडले नाही. मोडक्या अंगाने ते आणखी तीनेक किलोमीटर गेले. तेथे विजेच्या उच्च दाबाच्या तारा होत्या. त्यांना लागून ते शेतात कोसळले, त्याचे तुकडे झाले आणि आग लागली. ११८ पैकी ५५ माणसे गेली. ६३ वाचली, दोन्ही वैमानिकही वाचले.

मी तेव्हा शाळेत होतो. उन्हाळी सुट्या लागल्या होत्या किंवा लागणार होत्या. घरात संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या आणि "ट्रक" हा शब्द ऐकून वडील म्हणाले, "ऐकण्यात चूक झाली असेल. विमानाला ट्रक कसा लागेल?" आम्ही पुढच्या बातम्यांची वाट पाहिली. चूक झाली नव्हती.

सरकारी चौकशी झाली. तिने अपघाताची जी कारणे दिली ती दोन आहेत, आणि मी ती नीट सांगतो. पहिले: वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा उचलले आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे: विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरच्या वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले.

पहिल्या कारणावर लोक भरपूर बोलले. वैमानिकाची चूक म्हटली की माणसाला बरे वाटते. कोणी एक दोषी सापडतो. मी काही विमानविद्येचा माणूस नाही, इतिहास शिकवितो. इतिहास शिकविणाऱ्याचे लक्ष दुसऱ्या कारणावर खिळते. विचार करा. विमानतळाचे कुंपण जेथे संपते तेथे विमानतळ खात्याचे राज्य संपते. रस्ता जेथे सुरू होतो तेथे बांधकाम खात्याचे आणि पोलिसांचे राज्य सुरू होते. पण विमान कुंपणापाशी थांबत नाही, आणि ट्रकही विमान येते म्हणून आपण होऊन थांबत नाही. मधले जे ४१० फूट, ते कोणाचे? कागदावर प्रत्येक खात्याची हद्द चोख होती. त्या दोन हद्दी जेथे भेटतात तेथे उभा राहणारा माणूस मात्र नव्हता.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला. आपल्या वरठीच्या, म्हणजे भंडारा रोड स्टेशनच्या बाजूला जा किंवा तुमसर रोडकडे जा, फाटक ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गाडी यायची झाली की फाटक पडते, आणि मग बैलगाडी असो, लग्नाची वरात असो की आमदाराची मोटार असो, सगळे थांबतात, गेटमनला शिव्या देतात, पण थांबतात. रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात हे उघड दिसते, म्हणून फाटक आले. धावपट्टी आणि रस्ता यांचा छेद जमिनीवर दिसत नाही. तो हवेत, सात फुटांवर असतो. जो छेद दिसत नाही त्याच्यासाठी फाटक मागायचे कोणाला सुचेल? सुचायला हवे होते, असेच चौकशीने सांगितले. माझ्या मते त्या अहवालातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच.

आणि तो ट्रकवाला. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. सार्वजनिक रस्ता, दिवसाढवळ्या, भरलेली गाडी. आपल्या गावातून जाणारे शेकडो चालक रोज हेच करतात. मोठ्या अपघाताच्या कथेत विमान कंपनीचे नाव राहते, विमानाचा क्रमांक राहतो. ट्रकला नाव नसते, "कापसाचा ट्रक" एवढेच. बातमीत तो अडथळा म्हणून येतो. खरे पाहता, रस्ता हाच त्याचा हक्काचा होता आणि आकाशातून काही येईल हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, १९५३ चा तो कायदा रद्द झाला आणि इंडियन एअरलाइन्सची मक्तेदारी संपली. खासगी कंपन्या आल्या. विमानतळांचा कारभार १९९५ मध्ये एका भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे एकवटला. कंपनीने २००५ मध्ये आपले नाव आखूड करून नुसते "इंडियन" ठेवले. नाव बदलल्याने दैव बदलत नाही, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांनी सांगितले असते. २००७ मध्ये तिचे एअर इंडियाशी विलीनीकरण झाले, २०११ च्या फेब्रुवारीपासून दोघींचे नाव व क्रमांक एकच झाले, आणि "आय.सी." ही दोन अक्षरे विमानतळांच्या फलकांवरून गेली. शेवटी २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाच टाटांकडे गेली. १९५३ मध्ये जेथून घेतले तेथेच ६९ वर्षांनी परत. राष्ट्रीयीकरण घाईचे होते असे जहांगीर टाटा तेव्हाही म्हणत होते. त्यांचे सगळे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. आठ खासगी कंपन्यांनी सिल्चरला विमान नेले असते का, याचे उत्तर मला कोणी अजून दिलेले नाही. पण न्यायमूर्ती राजाध्यक्षांचा "घाई नको" हा सल्ला सरकारने थोडा अधिक ऐकला असता तर आठ घरांचे एक घर करताना तोडमोड कमी झाली असती, असे वाटते खरे.

कंपनी गेली, तिच्या हाताखाली तयार झालेली माणसे पुढे सगळ्या खासगी कंपन्यांत पसरली. आज एखादा तरुण स्वस्तातल्या तिकिटाने नागपूरहून पुण्याला जातो, तेव्हा ज्या धावपट्टीवरून त्याचे विमान उठते तेथेच एके काळी टपालाची चार विमाने मध्यरात्री शेजारी शेजारी उभी राहात. नागपूर हे देशाच्या हवाई वाहतुकीचे मध्यवर्ती ठिकाण व्हावे, ही जी चर्चा आपण गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत वाचतो, ती काही नवी कल्पना नव्हे. ते १९४९ मध्येच होऊन गेले होते, तेही डकोटांच्या जोरावर आणि पत्रांच्या पोत्यांसाठी.

आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यातही एक धावपट्टी आहे: गोंदियाजवळ बिरसी येथे, महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती तिकडे गेली. वैमानिकांचे शिक्षण तेथे चालते आणि २०२२ पासून प्रवासी विमानेही सुरू झाली. शिक्षक मंडळी मुलांची सहल तेथे नेतात, हे चांगलेच आहे. मुले विमानाकडे पाहतात, साहजिक आहे. परतताना त्यांना बाहेरच्या बाजूने थोडे फिरवून आणावे, आणि धावपट्टीच्या टोकापलीकडे काय आहे ते पाहायला सांगावे: रस्ता की शेत, विजेच्या तारा किती लांब, झाडे किती उंच. चारशे दहा फूट म्हणजे किती, हे आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर पावलांनी मोजून ठेवले तर मुलांना अंदाज येईल. मोठ्या माणसाची साधारण दीडशे-पावणेदोनशे पावले भरतात. लहान मुलांची दोनशेच्या वर जातील.